कुर्मा घरातली साक्ष

हसा, हसा. माह्या घरचे तं अजून हसतात. पन्नाशी उलटलेली बाई, पाळी जाऊन कधीची मोकळी झालेली, अन् ऐन पुरात कुर्मा घरात जाऊन बसली! माहा नवरा आल्यागेल्याले सांगते, "आमच्या रंजीताची गेलेली पाळी कोर्टाच्या तारखेले परत आली." त्याले हसाले काय जाते? तो तिथी नव्हता.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तं आधी सांगून ठेवते. भामरागडच्या रानात माडिया लोकांची गावं आहेत. तिथी बाईले पाळी आली का ती घरात राहत नाई. गावाच्या टोकाले एक झोपडी असते, कुर्मा घर म्हणतात तिले. पाळीचे दिवस तिथीच काढायचे. जेवण घरचं माणूस दुरून ठेवून जाते. गडीमाणसानं तं त्या झोपडीच्या आसपासही फिरकायचं नाई. शिवलं तं विटाळ, अन् पूजा करणाऱ्या घरचा असला तं त्याच्या हातून पूजाच होत नाई.

मी गोंडपिपरीकडची, कास्तकाराची पोरगी. नवरा इकडच्या आश्रमशाळेत स्वयंपाकी, म्हणून लगन होऊन इकडं आली. ती झोपडी पाह्यली का माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. अशाच एका झोपडीत एक पोट्टी साप चावून मेली, तिले मी पाह्यलं आहे. तवापासून मी गावोगावी भांडत फिरली, का बाप्पाहो, बाईले आपल्या घरात झोपू द्या. बाया ऐकत, पदर तोंडाले लावून हसत, अन् महिना भरला का तिथीच जाऊन बसत.

भांडाची मले सवयच आहे, अन् तेच माह्यं काम. चंद्रपूरच्या एका संस्थेसाठी, ज्या बायांले घरात मार बसते त्यांच्यापाशी मी जाते. आता संस्थेनं त्या बायांसाठी फोन देले आहेत. दिव्यानी मॅडम म्हणून आमच्या संस्थेत एक पोट्टी आहे, माह्या लेकीच्या वयाची. तिनं त्या फोनात भारी युक्ती करून ठेवली. फोन उघडला का धानाचा अन् मोहाचा भाव दिसते. नवऱ्यानं डोकावून पाह्यलं तं त्याले वाटते, बायको भाव पाहून राह्यली. पण त्या भावावर बोट दाबून धरलं का आत दुसरंच उघडते. तिथी बाईनं आपल्या बोलीत बोलायचं, वळ उठले असतील तं फोटो काढायचा, अन् नेटवर्क भेटलं का ते सारं आपोआप चंद्रपूरले जाऊन पडते. लिहिता येत नसलं तरी चालते. मॅडम म्हणे, "रंजीताताई, बाईची गोष्ट तिच्याच आवाजात राहिली पाहिजे." पोट्टी हुशार आहे. मले आवडते ती.

असा एक फोन मी सोमारीले देला. सोमारी हे तिचं खरं नाव नाई, अन् गावाचं नाव मी सांगणार नाई, विचारू नोका. तिचा नवरा लच्छू. आधी सूरजागडच्या खाणीकडं ट्रकवर कामाले होता. मंग बाप मेला अन् गावचं पेरमापण त्याच्यावर आलं. पेरमा म्हणजे गावाची पूजा करणारा. लई मान असते. लोकांच्या देखत असा गोड बोलणार का तुम्हाले वाटेल, यानं जन्मात मुंगी मारली नसन. घरात मात्र बायकोले हाती येईन त्यानं मारे. काऊन? तं भातात खडा निघाला. काऊन? तं बाजारातून याले उशीर झाला. मारणाऱ्याले काऊन लागत नाई, मी इतके दिवस तेच पाहून राह्यली.

फोन देल्यावर मी परत गेली तं सोमारी म्हणे, फोन घरात नाई, कुर्मा घराच्या छपरात खोचून ठेवला. माह्यं डोकंच फिरलं. "अवो, जी झोपडी पाडासाठी मी घसा कोरडा केला, तिथीच नेऊन ठेवला तू माहा फोन?"

सोमारी हळू बोलणारी बाई. ती म्हणे, "बाई, साऱ्या गावात तेवढीच जागा आहे जिथी तो हात घालत नाई."

 अन् दुसरी गंमत ऐका. तिकडं नवा टॉवर झाला, तरी गावात नेटवर्क नाई. कुर्मा घर चढावर आहे, तं तिथी येते! गावातले पोट्टे जळून राह्यले, का सारं नेटवर्क बायांच्या झोपडीत जाऊन बसलं. जाता येत नाई, अन् दुरून पाहवत नाई.

तं सोमारी त्या फोनात सांगत गेली. घरात बोलायची सोय नाई, शेतात सारे संगं. कुर्म्यात बसली का ती छपरातून फोन काढे अन् महिनाभराचं दुखणं त्या चार दिवसांत सांगे. संगं ज्या बाया असत त्या दारात बसून राखण करत. फोटोही ती तिथीच काढे. तवरक वळ पिवळे पडून गेलेले असत. ते पिवळे डाग पाहून मले रात्री झोप येत नसे, खोटं कशाले सांगू.

शेवटी तिनं कोर्टात अर्ज केला. कोर्टाचा कागद लच्छूच्या हाती पडला तसा तो म्हणे, "तुले जाचं तं जा. दीपाली इथीच राहीन." दीपाली म्हणजे यांची पोरगी, नुकती शाळेत जाऊ लागलेली. सोमारीले घर नोको होतं, शेत नोको होतं. तिले पोरगी पाहिजे होती, बस्. पोरगी हाती आली का ती रस्ता उघडल्यावर कुठीही जाले तयार होती.

अन् तेवढ्यात पूर आला. पूल बुडाला, भामरागडचा रस्ता तुटला. मी नेमकी त्याच गावात अडकली, अंगणवाडीत मुक्काम. इकडं लच्छूनं साऱ्या गावाले सांगून टाकलं, का पाणी उतरलं का डोंग्यातून दीपालीले नदीपलीकडं छत्तीसगडात बहिणीकडं नेऊन घालतो. तिकडं एकदा पोरगी गेली तं तिले कोण आणणार? सोमारी रोज सकाळी नदी पाहाले जाये. आमच्याकडं पूर उतरावा म्हणून लोक हात जोडतात, ही एकटी बाई पूर राहावा म्हणून हात जोडे.

कोर्टाची तारीख पुराच्या मधातच. दिव्यानी मॅडमनं चंद्रपुरातून धावपळ करून परवानगी काढली, का सोमारीची साक्ष फोनावरच व्हिडिओतून घ्यायची. मी खूश. अन् आदल्या दिवशी सोमारीले पाळी आली अन् ती कुर्म्यात जाऊन बसली. मी मॅडमले फोन लावला, म्हणजे चढावर जाऊन, कुर्मा घरापासून हाकेच्या अंतरावर उभी राहून.

मॅडम म्हणे, "अहो, मग बरंच झालं की. नेटवर्क तिथंच आहे."

"मॅडम, तुम्हाले समजून नाई राह्यलं. ती आत आहे, मी बाहेर आहे."

"ताई, ओळख पटवायला आणि फोन धरायला तुम्ही तिच्या शेजारी पाहिजे. कोर्टानं तुमचंच नाव लिहून घेतलंय. तुम्ही नसलात तर साक्ष होणार नाही."

 बिनपाळीची बाई कुर्म्यात शिरली तं त्या लोकांच्या दृष्टीनं ती त्यांच्या रीतीची चेष्टा झाली. वरून नव्या धानाचा पंडुम, म्हणजे त्यांचा सण, तीन रोजावर आलेला. साऱ्या गावानं मले हाकललं असतं अन् सोमारीले कुठी तरी दुसरीकडं नेऊन ठेवलं असतं. कुर्म्यात कोणी विचारल्याबिगर बसायचं तं एकच रस्ता होता.

मी सरळ हातपंपावर गेली. तिथी बाया जमल्या होत्या अन् सोमारीची सासू इतवारीबाई पण होती. तिच्या डाव्या हाताले पट्टी, मनगटात वाकडा झालेला. उन्हाळ्यात बांधावर घसरली म्हणून सांगे. मी मोठ्यानं म्हणलं, "बायांनो, मले पाळी आली. मी कुर्म्यात जाऊन राह्यली."

 एकजण म्हणे, "बाई, तुमची तं गेल्ती ना?"

"परत आली!"

"अशी परत येते?"

"माही येते! तुले काही त्रास?"

अवो, काय हसल्या त्या! एकीची तं घागर हातातून सुटली. ज्या बाईनं कितीक वर्सं कुर्म्याच्या नावानं बोटं मोडली, ती आपल्या पायानं चालून राह्यली, मंग हसतील नाई तं काय. इतवारीबाई मात्र हसली नाई. तिनं माह्या पांढऱ्या केसांकडं पाह्यलं, मंग चढावरच्या झोपडीकडं पाह्यलं, अन् म्हणे, "पाळी आली म्हणते तं आली असन. जाऊ द्या तिले." ती पेरमाची माय. तिनं म्हणलं म्हणजे झालं.

तशी मी कुर्म्यात शिरली. छप्पर गळून राह्यलं होतं, खाली चिखल, पाय पसराले जागा नाई. जेवण इतवारीबाई घेऊन आली. पानावर भात, अन् तो वाटेतल्या एका सपाट दगडावर ठेवून मागं सरकली. मी तिच्या डोळ्यांसमोर जाऊन उचलला. कुत्र्याले आपण याहून जवळून घालतो. मी संतापानं पान बाजूले सारलं, अन् सोमारी मले समजावून राह्यली, "बाई, जेवा. उद्या बोलायचं आहे." बोलायचं तिले होतं. मले तं मॅडमनं बजावलं होतं, का कोर्टानं विचारल्याबिगर एक शब्द काढायचा नाई. मले!

सकाळी फोन लागला. माह्या फोनाच्या चौकटीत चार तोंडं. जज मॅडम, लच्छूचा वकील, कोर्टानं बसवलेला माडिया जाणणारा दुभाष्या, अन् कोपऱ्यात आमची दिव्यानी, नखं खाऊन राह्यलेली. जज मॅडमनं विचारलं, "तुम्ही कुठे बसला आहात? मागची भिंत मातीची दिसते आहे." मले विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. कुर्मा घर म्हणजे काय ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. लच्छू. वाटेतल्या त्या दगडाच्या पलीकडं, मोहाच्या झाडाखाली गावातल्या चार-सहा गड्यांना घेऊन उभा. "खोटारडी आहे ती! फोन ठेव!"

"कोण ओरडतंय?" जज मॅडम.

दुभाष्यानं विचारलं, सोमारीनं सांगितलं, "माहा नवरा."

"तो आत येईल का? तुम्हाला भीती वाटते का?"

"नाई. इथी तो येत नाई. कधीच येत नाई."

अन् वकील असा सरसावून बसला का मले तवाच समजलं, काही तरी चुकलं. तो म्हणे, "मॅडम, माझं हेच म्हणणं आहे. अर्जदाराच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरच्या तारखा पाहा. दर महिन्याचे तेच चार दिवस. फोटोंवरही त्याच तारखा. त्या दिवसांत ती या कुर्मा घरात असते. माझा अशील गावचा पुजारी आहे, तो इथे पाऊलही टाकत नाही, हे तिनं आत्ता स्वतः सांगितलं. सारं गाव सांगेल. मग नेमक्या त्याच दिवसांत तिला मार कसा बसतो?"

 दिव्यानीचं तोंड पांढरंफटक. फोनानं मार बसल्याची तारीख टाकलीच नव्हती, बोलल्याची टाकली होती. अन् हे ना तिच्या ध्यानात आलं, ना माह्या, ना अर्ज लिहिणाऱ्याच्या. ज्या जागेनं बाईले बोलू देलं, त्याच जागेनं तिले खोटं पाडलं. मले ओरडावंसं वाटलं, का अवो मॅडम, तिच्या पाठीवरचा डाग पिवळा आहे ते पाहा, ताजा वळ पिवळा असते का! पण तोंडाले कुलूप. मी ओठ दातांत धरून बसली.

दुभाष्यानं सोमारीले वकिलाचं बोलणं समजावलं.  मले वाटलं, आता ही रडते, अन् गेली पोरगी हातची. पण ती रडली नाई. म्हणे, "ज्या दिवशी मारलं त्या दिवशी मी कशी बोलीन? त्या दिवशी तं तोंडावर हात होता. मले जवा बोलाले भेटलं तवा बोलली. कधी मारलं ते मी आत सांगितलं आहे. तुम्ही वरची तारीख वाचून राह्यले, मी काय म्हणते ते ऐकून पाहा ना."

जज मॅडमनं चष्मा काढला. म्हणे, "मूळ आवाज ऐकवा. इथल्या दुभाष्याला ऐकू द्या."

सोमारीचा फोन मी माह्या फोनाजवळ धरला. "काही ऐकू येत नाही," दुभाष्या म्हणे. छपरावर पाऊस वाजून राह्यला होता. माह्या झोल्यात संस्थेचा छोटा स्पीकर असते, गावच्या मिटिंगीसाठी देलेला. दिसाले डबीएवढा, पण आवाज असा का बैल बुजावा. तो मी लावला अन् सोमारीच्या फोनाले जोडला. दुसरा काही विचार केला नाई, खरं सांगते. मले एवढंच दिसत होतं का कोर्टाले ऐकू गेलं पाहिजे.

सोमारीचा आवाज झोपडीतून बाहेर पडला अन् पार मोहाच्या झाडापर्यंत गेला. तिच्या बोलीतलं ते मी तुम्हाले आपल्या बोलीत सांगते.

"बियाण्याच्या पंडुमच्या दुसऱ्या दिवशी. पेजेत मीठ जास्त पडलं. त्यानं मुसळ उचललं. मी दीपालीले पोटाखाली घेऊन कोपऱ्यात बसली. सासूनं मधात येऊन त्याचा हात धरला. त्यानं तिले ढकललं, मंग तिच्या हातावर मुसळ हाणलं. हाड वाजलं ते मी ऐकलं. सासू सगळ्याइले सांगते, बांधावर घसरली. ती घसरली नाई."

मी बाहेर पाह्यलं. स्पीकरच्या आवाजानं मोहाखाली सारं गाव जमलं होतं, अन् सारे लच्छूकडं पाहून राह्यले होते. त्या दगडापाशी इतवारीबाई उभी होती, आमचा भात घेऊन. तिच्या कानावर अक्षर न् अक्षर पडलं होतं. तिनं पान दगडावर ठेवलं, पट्टीचा हात पदराखाली घेतला, अन् गावाकडं चालू लागली. मले वाटलं, झालं. आता ही बाई सोमारीचं तोंड जन्मात पाहणार नाई. तिची लाज आपण स्पीकरवरून गावभर वाजवली.

तिकडं दुभाष्या जज मॅडमले सांगून राह्यला होता, का बियाण्याचा पंडुम त्या भागात सगळ्यांना ठाऊक असतो, तो दिवस या तारखेच्या बराच आधीचा. मॅडमनं आणखी दोन आवाज ऐकले. एकात बाजाराचा दिवस निघाला, एकात दीपालीच्या शाळेचा पहिला दिवस. वकील मधात बोलाले गेला तं मॅडम म्हणे, "तारीख यंत्राची आहे, गोष्ट बाईची आहे. मी दोन्ही ऐकल्या." अन् त्यांनी आदेश सांगितला. लच्छूनं हात लावायचा नाई. पोरगी पुढच्या तारखेपर्यंत आईपाशी राहीन. रस्ता उघडला का पोलिसांनी दोघींले सुरक्षित जागी पोहोचवायचं. थोड्या वेळानं आदेशाचा कागद फोनात आला. दिव्यानी तिकडं खुर्चीवर बसल्या बसल्या रडून राह्यली होती. मी सोमारीले वाचून दाखवला. तिनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "यात दीपालीचं नाव कुठी आहे?" मी दाखवलं. ती त्या नावावरून बोट काढेचना.

मी छाती भरून ओरडली, "लच्छू! कोर्टाचा हुकूम आहे! पोट्टीले आणून दे!"

तो हसला. असा हसला का मले त्याचा गळा धरावा वाटला. म्हणे, "कोर्टाले म्हणा, येऊन ने. सकाळपासून पाणी उतरून राह्यलं. उद्या डोंगा लागते."

पाहा आता. हुकूम माह्या हातात, पोरगी चढाच्या खाली घरात, अन् पोलीस नदीच्या पल्याड. मी तशीच उठली, म्हणलं मीच जाऊन उचलून आणते. सोमारीनं माहा हात धरला. "बाई, तुम्ही कुर्म्यातल्या. आता तुम्ही पेरमाच्या घरात शिरल्या तं सारं गाव त्याच्या बाजूनं उभं राहीन. आता तं ते गप आहेत." खरं होतं. मीच तं हातपंपावर बोंबलून सांगितलं होतं, का मले पाळी आली. मी मटकन खाली बसली. मले रडू आलं, दुःखाचं नाई, रागाचं. आवाज चंद्रपूरले गेला, कोर्टात गेला, अन् एवढ्याशा चढावरून एक लेकरू आणता येईना!

अन् मंग ती दिसली. इतवारीबाई. चढावरून येऊन राह्यली, अन् तिच्या उजव्या हाताले धरून दीपाली. गडी बाजूले झाले. लच्छूले वाटलं, माय आपल्यापाशी येऊन राह्यली. त्यानं पोरीसाठी हात पुढं केला. ती त्याच्या बाजूनं निघून गेली.

"माय, कुठी?"

ती दगडापाशी आली. तिथी थांबायची जागा. आमचा भात तसाच पडला होता. ती दगड ओलांडून पुढं आली.

"माय! थांब! विटाळ होईन! परवा पंडुम आहे, रांधन कोण?" त्याचा आवाज लेकरासारखा झाला होता. पेरमाच्या घरचा सणाचा भात तीच रांधे. सोमारी तं कुर्म्यात होतीच. तो धावत दगडापर्यंत आला, अन् तिथी थांबला. पाय उचलला, परत ठेवला.  मी दारातलं लाकूड हातात घेऊन उभी राह्यली. पण तो पुढं आला नाई. मागं साऱ्या गावाचे डोळे होते, अन् ते डोळे त्याले आता पहिल्यासारखे पाहत नव्हते.

इतवारीबाई वाकून झोपडीत शिरली. सासू अन् सून आता एकमेकींले शिवल्या होत्या. तिनं दीपालीले सोमारीच्या मांडीवर बसवलं. सोमारीनं पोरीले असं कवळलं का पोट्टी म्हणे, "मा, दुखते." मंग म्हातारी फोनाकडं पाहून बोलली. फोन कधीचा बंद झाला होता, पण तिले ते ठाऊक नव्हतं. म्हणे, "मुसळ मी पाह्यलं. हात माहा मोडला, अन् बोलावं लागलं हिले. मी माय आहे त्याची. मले वाटलं झाकलं का राहीन." अन् मले म्हणे, "सरक वो, बसू दे."

मी सरकली. मीही रडून राह्यली होती, लाकूड हातात तसंच. तिचे केस माह्याहून पांढरे. तिले कोणी विचारलं असतं का पाळी आली का, तं काय म्हणाली असती ती? पेरमाची माय स्वतःच्या पायानं विटाळात आली, सणाच्या तोंडावर, साऱ्या गावादेखत. अशा बाईले परत घरात घेतात का नाई, मले माहीत नव्हतं. गावातही तसं कधी झालं नव्हतं.

मी विचारलं, "बाई, रस्ता उघडला का या दोघी जातील. तुम्ही कुठी जाल?"

तिनं माह्याकडं पाह्यलंही नाई. ती दाराबाहेर दगडाकडं पाहून राह्यली होती, जिथी तिनंच आणलेला भात पावसात भिजून राह्यला होता.

"आधी तो भात आण," ती म्हणे. "पोट्टी सकाळपासून जेवली नाई."